दोनच गावं, दोघंच जण

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डोंबिवलीच्या ५९ वर्षांच्या एक वाचक भगिनी यजमानांसह तीन महिन्यांसाठी ऑक्सफर्डला मुलाकडे आल्या आहेत. घरात तीन वर्षांचा नातू आहे. त्याला पाळणाघरातून आणणं, भरवणं, झोपवणं यात त्यांचा दिवस जातो. मुलाने एका शनिवारी सगळ्यांना गाडीतून कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या मुलखातली गावं दाखवायचं ठरवलंय. यादीत सहा गावं आहेत: बर्फर्ड, बायबरी, बोर्टन, स्टो, ब्रॉडवे आणि कासल कूम. भगिनींच्या मनात वेगळंच आहे. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी फक्त दोघांनी आगगाडीने जावं, एक-दोन गावांत रमतगमत हिंडावं, कुठेतरी निवांत चहा प्यावा. मुलगा म्हणतो, “तुम्ही हरवाल, तिकडे बस नसतात.” यजमान मूळचे राजापूरजवळच्या खेड्यातले. ते म्हणतात, “एवढ्या लांब येऊन दोनच गावं? आणि गावंच बघायची तर आमचं गाव काय वाईट?” भगिनींचे गुडघेही कुरकुरतात. त्या विचारतात: या वयात दोघांनीच जायचं म्हणणं स्वार्थीपणाचं आहे का? मुलाला वाईट वाटू न देता हे कसं सांगू?

ताई,

तुमची इच्छा अजिबात वावगी नाही. ती इच्छा सांगताना तुम्ही पत्रभर माफी मागितली आहेत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मुलाकडे परदेशात येणारे बहुतेक आईवडील आल्या दिवसापासून आजी-आजोबा होतात आणि परतीच्या विमानात बसेपर्यंत आजी-आजोबाच राहतात. त्यात आनंद असतो, मी तो कमी लेखत नाही. पण तुम्ही दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र जेवलात, चाललात, गप्पा मारल्यात असा दिवस इथे आल्यापासून आलाच नसेल, तर तसा एक दिवस मागणं म्हणजे नातवावरचं प्रेम कमी होणं नाही.

मुलाची यादी मी नकाशावर लावून पाहिली. कॉट्सवोल्ड्स हा २,००० चौरस किलोमीटरहून मोठा टापू आहे. ब्रॉडवे त्याच्या उत्तर टोकाकडे आणि कासल कूम पार दक्षिणेला, विल्टशरमध्ये. या दोघांमधलं अंतर कापायलाच गाडीने तासाहून जास्त लागतो. रस्ते अरुंद, वळणावळणाचे. शनिवारी गाडी लावायला जागा शोधण्यात जाणारा वेळ वेगळाच. मागच्या सीटवर तीन वर्षांचं मूल. अशा दिवशी प्रत्येक गावात पंधरा-वीस मिनिटं मिळतील, एक फोटो, एक बाथरूम, की पुन्हा पट्टे लावा. यादी करण्यामागे मुलाचं प्रेमच आहे; तुम्हाला जास्तीत जास्त दाखवावं असं त्याला वाटतं. फक्त त्याने असं धरलंय की जास्त ठिकाणं म्हणजे जास्त पाहणं. तुमच्या यजमानांनीही तेच धरलंय. दोघांशी वाद घालायचा तर तो इथे घाला.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला मनापासून आवडला. गावंच बघायची तर आमचं गाव काय वाईट? काहीच वाईट नाही. उलट गावात वाढलेल्या माणसाला ही गावं जास्त कळतील. त्यांना नुसतं “सुंदर आहे हो” म्हणून न्याल तर ते कंटाळतील. त्यांना कारणं सांगा.

ही घरं मधाच्या रंगाची दिसतात ती रंग दिल्यामुळे नाही. पायाखालचाच चुनखडीचा दगड तसा आहे, आणि जवळच्या खाणीतून काढलेल्या दगडानेच घर, कुंपण, चर्च, पूल असं सगळं बांधलंय. छपरांवर दगडाचीच कौलं असतात. नीट पाहिलं तर खालच्या ओळीतली कौलं मोठी आणि वर आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेली दिसतात. हे वजन पेलायला छपराचे वासे दणकट लागतात, आणि पाणी चटकन वाहून जावं म्हणून उतारही चांगला खडा ठेवतात. शेतांच्या मधल्या भिंती बिनचुन्याच्या, नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेल्या, अगदी कोकणातल्या गडग्यांसारख्या. तिथे जांभा, इथे चुनखडी. अशा भिंतीपाशी यजमानांना उभं करा आणि गप्प राहा. पुढची दहा मिनिटं तेच बोलतील.

आणि हे सगळं उभं राहिलं कशावर? मेंढरांवर. मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती लोकरीची होती आणि या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर युरोपभर जात असे. म्हणूनच लहानशा गावात गावाच्या मानाने प्रचंड चर्च दिसतं. व्यापाऱ्यांनी नफ्यातून ती बांधली, वाढवली. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये त्या व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर पितळी पत्रे आहेत, त्यात त्यांच्या पायांशी मेंढ्या आणि लोकरीची पोती कोरलेली आहेत. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सभापती आजही ज्यावर बसतात ते आसन लोकरीने भरलेलं आहे, तेही याच श्रीमंतीची खूण म्हणून. पुढे कापडाचा धंदा कोळसा आणि यंत्रं होती तिकडे, यॉर्कशरकडे गेला. या गावांत घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा उरला नाही, म्हणून जुनी राहिली. आज आपण ज्याचे फोटो काढतो ते जतन बऱ्याच अंशी त्या गरिबीतून झालंय. बायबरीची प्रसिद्ध अर्लिंग्टन रो ही घरांची रांग चौदाव्या शतकात लोकरीचं कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली.

आजचं चित्र तुमच्या यजमानांना आणखी ओळखीचं वाटेल. ही घरं आता इतकी महाग आहेत की गावातल्याच तरुणांना तिथे घर घेणं परवडत नाही. पुष्कळ घरं शहरातल्या लोकांची सुट्टीतली घरं आहेत किंवा पर्यटकांना भाड्याने दिलेली. आठवड्यातल्या दिवशी गेलात तर दिवे न लागणाऱ्या खिडक्याही दिसतील. कोकणातल्या बंद घरांची कुलपं पाहिलेला माणूस यावर दोन शब्द बोलेलच. असं बोलणं सहा गावांच्या धावपळीत होत नाही.

आता मुलाचा आक्षेप: तिकडे बस नसतात. हे अर्धं खरं आहे. बस कमी आहेत, पण आहेत. तुमच्यासाठी मी जो दिवस सुचवते तो असा. ऑक्सफर्डहून मोर्टन-इन-मार्शची आगगाडी घ्या. पाऊण तासाच्या आत पोचते, मध्ये गाडी बदलायची नाही. तिथून ८०१ क्रमांकाची बस स्टो-ऑन-द-वोल्डवरून बोर्टन-ऑन-द-वॉटरला जाते. बोर्टनला उतरा. विंडरश नावाची उथळ नदी गावाच्या मधून वाहते, तिच्यावर बुटके दगडी पूल आहेत, काठाला हिरवळ आणि बाक आहेत. गर्दी इथे असतेच, उन्हाळ्यात तर फारच. म्हणून तिथे फार रेंगाळू नका. तासभर बसा आणि पायवाटेने लोअर स्लॉटरला निघा.

ही वाट दोन-सव्वादोन किलोमीटरची, बरीचशी सपाट आहे. तुमच्या गुडघ्यांना जमेल असं मला वाटतं, पण घाई नको. इंग्लंडमध्ये शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे, पाहुण्यालाही. जमीन खासगी असली तरी. पिवळा बाण म्हणजे पायी जायची वाट. शेताच्या फाटकापाशी पोचल्यावर “आत जावं का?” असा संकोच करू नका, बाण आहे ना, मग जा. फाटक उघडं होतं तसं उघडं आणि बंद होतं तसं बंद ठेवायचं, एवढा नियम पाळा. गाई असतील तर वळसा घालून, शांतपणे चाला. कडेला नेटल नावाची खाजरी झुडपं असतात, म्हणून पाय झाकणारे कपडे घाला आणि चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो.

लोअर स्लॉटरला आय नावाचा ओढा घरांच्या दारातून वाहतो आणि टोकाला जुनी पाणचक्की आहे, तिचं चाक आणि विटांचं धुराडं अजून उभं आहे. तिथून आणखी दीड किलोमीटरवर अप्पर स्लॉटर. पायांत दम असेल तरच जा, नाहीतर लोअरमध्येच बसा. दोन गावं झाली, तेवढं खूप झालं. गेलात तर एक गोष्ट माहीत असू द्या. इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचं स्मारक असतं. लहान गावातसुद्धा नावांची रांग पाहून मन हलतं, एकेका आडनावाची तीन-तीन मुलं. अप्पर स्लॉटर हे दोन्ही महायुद्धांत गेलेली सगळी माणसं जिवंत परत आलेल्या मोजक्या गावांपैकी आहे. त्या शांत गल्लीतून चालताना हे आठवलं की गाव वेगळं दिसतं.

बसावंसं वाटलं आणि बाक नसेल तर चर्चमध्ये जा. गावातली चर्च दिवसा बहुधा उघडी असतात, आत थंडावा असतो, कुणी हटकत नाही. दाराशी दानपेटी असते, यथाशक्ती टाका. बाहेरच्या बाकांवरच्या लहान पाट्या मात्र जरूर वाचा. अमक्या-तमकीला ही जागा फार आवडायची, म्हणून तिच्या आठवणीत घरच्यांनी हा बाक दिला, अशा मजकुराच्या पाट्या पुष्कळ ठिकाणी दिसतात. कितीतरी पाट्यांवर नवरा-बायको दोघांची नावं असतात. मला या पाट्या त्या गावांतल्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा जास्त आवडतात.

जेवणाचं आधी ठरवा, कारण आपले लोक इथेच फसतात. गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं. तीन वाजता भूक लागली तर चहा आणि केकवर भागवावं लागतं. शाकाहारी असाल तर भाजलेला बटाटा आणि त्यावर चीज किंवा बीन्स, किंवा सूप आणि पाव हे बहुतेक ठिकाणी मिळतं. सूप कशाचं आहे ते विचारून घ्या. मी तर म्हणेन डबा न्या. थालीपीठ आणि लोणचं नदीकाठच्या बाकावर बसून खा, पबच्या टेबलावर मात्र बाहेरचं खाऊ नका. चहासाठी पैसे जरूर खर्च करा. चहाच्या दुकानात दोघांसाठी एक किटली मागवली की ती भरलेली येते, वर गरम पाणीही मागता येतं. सोबत स्कोन म्हणजे भाजलेला छोटा गोडसर पाव, जॅम आणि घट्ट साय. स्कोनमध्ये अंडं असू शकतं, चालत नसेल तर आधी विचारा. ही दुकानं चार-साडेचार-पाचला आवरायला लागतात, त्यामुळे चहा साडेतीनला धरा.

मुलाची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नका, उत्तर द्या. परतीच्या बसच्या वेळा आदल्या रात्री त्याच्याच सोबत बसून बघा आणि कागदावर लिहून घ्या. दऱ्यांमध्ये मोबाइलचं नेटवर्क जातं, तेव्हा कागदच उपयोगी पडतो. शेवटच्या बसने परतायचं असं कधीही ठरवू नका, तिच्या आधीची धरा. गावात रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते, म्हणून मोर्टन किंवा स्टोच्या एका टॅक्सीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. बीपीची गोळी, पाण्याची बाटली, हलका रेनकोट. सुटी नाणी ठेवा, काही सार्वजनिक स्वच्छतागृहांना पैसे पडतात. रविवारी जाऊ नका, त्या दिवशी बस फारच कमी असतात. जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतायला उशीर झाला तरी अंधारात चाचपडायची भीती नाही.

खर्चाचंही बोलून टाकू, कारण यजमानांचा पुढचा मुद्दा तोच असणार. इथल्या ज्येष्ठांचा मोफत बसपास इथे राहणाऱ्यांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. आगगाडीसाठी “टू टुगेदर” नावाचं सवलतकार्ड आहे: दोन ठरलेल्या माणसांनी एकत्र प्रवास केला की तिकिटावर एक तृतीयांश सूट. दोघांचेही फोटो लागतात आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. एका दिवसासाठी ते घेण्यात अर्थ नाही. पण तुम्ही तीन महिने आहात. बाथ, विंचेस्टर, लंडन असं आणखी तीन-चारदा दोघांनी जायचं ठरवलंत तर ते वसूल होईल. सुटीच्या दिवसांचा हिशेब मुलाच्या शनिवारांवरच का अवलंबून असावा?

हे वाचणाऱ्या, ऑक्सफर्डपासून लांब असणाऱ्यांनीही असा दिवस सहज आखावा. स्विंडन-ब्रिस्टलकडे मुलं असतील तर चिपनहॅम स्टेशनला उतरून बसने लेकॉक गाठा. जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं आहे आणि तिथल्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, खिडकीचं १८३५ साली छायाचित्रणाच्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकी एक असलेल्या टॅलबटने केलेलं छायाचित्र हे आज शिल्लक असलेलं सर्वात जुनं निगेटिव्ह. मँचेस्टर किंवा शेफील्डला असाल तर ईडेल. आगगाडी थेट डोंगरांच्या कुशीत उतरवते. कुठेही जा, ही लोकांची राहती घरं आहेत एवढं लक्षात ठेवा. खिडकीतून आत डोकावणं, फोटोसाठी अंगणात शिरणं याचा तिथल्या लोकांना खरोखर त्रास होतो.

राहिला सगळ्यात अवघड भाग, घरात सांगण्याचा. नातवाला कोण आणणार, ही तुमची टोचणी मला पत्रात जागोजागी दिसली. सूनबाई बुधवारी घरून काम करतात असं तुम्हीच लिहिलंय. मग बुधवार ठरवा, आणि आधी त्यांच्याशी बोला, मुलाशी नंतर. “या बुधवारी बाळाला तू आणशील का? आम्हा दोघांना एक दिवस बाहेर जायचंय,” एवढं पुरे. कारण द्यायला लागलात की परवानगी मागितल्यासारखं होतं आणि मग समोरच्यालाही ती द्यावी की नाही हे ठरवावं लागतं. मला वाटतं त्या हो म्हणतील. नाहीच जमलं तर दुसरा दिवस विचारा, पण विषय सोडू नका. तुमच्या मदतीची त्यांना किती गरज आहे आणि ती आपणहून किती वाढवून धरली आहे, हेही या निमित्ताने दोन्ही बाजूंना कळेल.

मुलाचा शनिवार रद्द करू नका. त्याला म्हणा, “शनिवारी सगळे जाऊच, पण सहा गावं नकोत. बाळाला आवडेल असं करू.” बोर्टनमध्ये १९३७ सालापासून त्याच गावाची एक नवमांश आकाराची प्रतिकृती आहे, सगळी घरं गुडघ्या-कमरेएवढी. जवळच १९७१ मध्ये सुरू झालेलं कॉट्सवोल्ड फार्म पार्क आहे, तिथे दुर्मीळ जातींच्या मेंढ्या, डुकरं, कोंबड्या बघायला मिळतात, आणि ज्या मेंढ्यांमुळे हा मुलूख श्रीमंत झाला त्या कॉट्सवोल्ड मेंढ्याही. तीन वर्षांच्या मुलाला एवढा दिवस पुष्कळ झाला. बायबरी हवंच असेल तर ते दिवसाच्या सुरुवातीलाच घ्या आणि मुलाला सकाळी नऊच्या आत पोचायला सांगा. त्यानंतर पर्यटकांची गर्दी वाढायला लागते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.